येवले, परगणा पाटोदा, जिल्हा नगर

१० एप्रिल १८५९ रोजी ग्वाल्हेर संस्थानातल्या एका इंग्रजी छावणीत कैद्याचा जबाब घेतला गेला. कुठल्याही कचेरीत होते तशीच त्याची सुरुवात झाली: नाव, बापाचे नाव, गाव, वय, धंदा. कैद्याने सांगितले ते असे. नाव तात्या टोपे, बाप पांडुरंग, मूळ गाव येवले, परगणा पाटोदा, जिल्हा नगर, राहणार बिठूर, वय सुमारे पंचेचाळीस, नोकरी नानासाहेबांच्या खास तैनातीत. लिहून घेणाऱ्याच्या कानाने आणि पुढे छापणाऱ्याच्या हाताने येवल्याचे ‘जोला’ झाले. आठ दिवसांनी, १८ एप्रिलला, तात्यांना शिवपुरीत फाशी दिले.

त्यांच्या लढायांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि अजून लिहिले जाईल. या पुस्तकाला कुतूहल आहे ते जबाबातल्या त्या पहिल्या दोन ओळींचे. येवल्याचे एक कुटुंब गंगाकाठी का गेले, तिथे कसे रुजले आणि त्यातल्या एका मुलाने शस्त्र उचलल्यावर बाकीच्यांचे काय झाले, हा पुस्तकाचा विषय. पराक्रमाचे वर्णन वाचायचे असेल त्याने दुसरे पुस्तक उघडावे. इथे माणूस कुठला, कोणाचा आणि कुठे वस्तीला गेला, एवढेच पाहायचे आहे. ते ‘एवढेच’ सोपे नाही, हे पुढे कळेल.

सुरुवात ‘जिल्हा नगर’पासूनच करावी लागते. आज येवले नाशिक जिल्ह्यात आहे आणि शाळेत शिकलेला भूगोल डोक्यात पक्का असतो, त्यामुळे वाचणारा इथे थबकतो. पण नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. नगर जिल्ह्याचे आणि खानदेशाचे काही भाग काढून तो जुळवला गेला. त्याआधी निफाड, सिन्नर, येवला हा सगळा पट्टा नगरच्या कलेक्टराखाली होता. म्हणजे मी हे लिहितो आहे ते सायखेडासुद्धा तात्यांच्या हयातीत नगर जिल्ह्यातच मोडत होते. आपल्या आजोबा-पणजोबांचे कागद शोधणारे कितीतरी लोक नाशिकच्या कचेऱ्यांत खेटे घालतात आणि हात हलवत परत येतात, त्याचे एक कारण हेच. माणूस जिथे जन्मला तो जिल्हा त्याच्या जन्माच्या वेळी कोणता होता, हे आधी पाहावे लागते. तात्यांनी आपला पत्ता बिनचूक सांगितला होता. चाळीस वर्षे घराबाहेर राहिलेल्या माणसाला परगण्यासकट गाव ठाऊक होते, हे मला त्या सगळ्या जबाबातले सर्वांत बोलके वाक्य वाटते.

वयाच्या आकड्यावरून जन्म १८१४च्या आसपासचा येतो. त्यांचे मूळ नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. देशस्थ ब्राह्मणाचे घर. वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. आता तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. ३ जून १८१८ रोजी अशीरगडाजवळ बाजीरावांनी जॉन माल्कमच्या स्वाधीन होण्याचे कबूल केले. वर्षाला आठ लाख रुपयांचे पेन्शन ठरले आणि अट पडली की दक्षिणेत पाऊल ठेवायचे नाही. १८१९च्या सुरुवातीस पेशव्यांचा लवाजमा कानपूरजवळ बिठूरला, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडच्या ब्रह्मावर्ताला, पोचला. तेव्हा रामचंद्र चार-पाच वर्षांचा असेल. त्याला येवल्याचे काय आठवत असणार? गावाची ओढ त्याच्यात आली असेल तर ती घरातल्या बोलण्यातून, आईच्या तोंडून आली असेल.

बाजीरावांबरोबर गेलेल्या कुटुंबांकडे आपण फारसे लक्ष दिले नाही. पेशवाई बुडाली, बाजीराव पळाले, शनिवारवाड्यावर निशाण बदलले, इथे आपला धडा संपतो. पण धन्याबरोबर कारकून गेले, भिक्षुक गेले, आचारी, शागीर्द, शिलेदार आणि त्यांची बायकामुले गेली. गंगेच्या काठी मराठी बोलणारी एक वस्तीच उभी राहिली. तिथे वाडे बांधले गेले, देवळे उठली, दक्षिणेतले सण-वार तिथल्या हवेत सुरू राहिले. साताऱ्याकडचे मोरोपंत तांबे काशीला बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्याकडे होते, ते पुढे बिठूरला आले. त्यांची मुलगी मनू झाशीला राणी म्हणून गेली. कोकणातल्या वेणगावच्या भटांचा मुलगा धोंडोपंत १८२७ साली बाजीरावांना दत्तक गेला, तेच नानासाहेब. ही सगळी माणसे एका अर्थाने वसाहतकरी होती. फरक असा की हरलेल्या बाजूचे वसाहतकरी. त्यांनी जमीन नांगरली नाही, जंगल तोडले नाही. एका पेन्शनीच्या आधारावर त्यांचे संसार उभे होते आणि ती पेन्शन एका माणसाच्या श्वासाला बांधलेली होती.

१८५१ साली तो श्वास थांबला. कंपनीने दत्तकपुत्राला पेन्शन नाकारली. विलायतेला वकील धाडूनही काही निष्पन्न झाले नाही. नानासाहेबांच्या बंडाची कारणे सांगताना आपण हे अपमान म्हणून सांगतो आणि ते खरेच आहे. पण कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याला तिथे आणखी एक गोष्ट दिसते. आठ लाखांवर जी शेकडो घरे चालत होती, त्यांच्या चुली एका पत्राने धोक्यात आल्या. परत जावे तर देशावर तीस-बत्तीस वर्षांत भावकीने जमिनी वहिवाटून घेतलेल्या. राहावे तर खायचे काय? टोपे कुटुंब या घरांपैकी एक. १८५७च्या जूनमध्ये कानपूर उठले तेव्हा तात्यांनी काय विचार केला असेल हे आपण सांगू शकत नाही. मात्र कोणत्या घरातून ते बाहेर पडले, ते सांगता येते.

आडनावाबद्दल दोन कथा चालतात. एक, बाजीरावांनी खूश होऊन रत्नजडित टोपी दिली म्हणून टोपे. दुसरी, तोफखान्याशी संबंध होता म्हणून टोपे. मला पहिली अधिक पटते, कारण पेशव्यांच्या घरात अशा देण्याची रीत होती. पण यावर पैज लावणार नाही. महत्त्वाचे ते असे की येवलेकर हे आडनाव बिठूरला जाऊन टोपे झाले. गावावरून पडलेले आडनाव गाव सुटल्यावर गळून पडले आणि धन्याच्या घरी मिळालेले नवे चिकटले. भावंडांबद्दल तर ग्रंथकारांत चक्क दोन पक्ष आहेत. एक पक्ष तात्यांना पांडुरंगराव आणि रखमाबाईंचा एकुलता एक मुलगा म्हणतो, दुसरा सावत्र भावांची भली मोठी यादी देतो. दुसऱ्या पक्षाचा कल मला खरा वाटतो. एकटा शूर पुत्र हे चित्र गोष्टीला सोयीचे असते, घरे मात्र त्या काळी तशी नसत.

शिपाई म्हणून तात्या उशिरा घडले. चाळिशी उलटलेला, दप्तर-दरबार सांभाळणारा गृहस्थ. नोव्हेंबर १८५७ मध्ये काल्पीहून ग्वाल्हेरची पलटण घेऊन त्यांनी यमुना ओलांडली आणि कानपूरला जनरल विंडहॅमला मागे रेटले. ६ डिसेंबरला कॉलिन कॅम्पबेलने डाव उलटवला. बेतवा, कोंच, काल्पी, १ जून १८५८ला ग्वाल्हेरचा ताबा, पुढे राणीचा मृत्यू आणि ग्वाल्हेरही गेले. हे सगळे सर्वश्रुत आहे, म्हणून मी त्यावरून घाईने पुढे जातो. थांबायचे आहे ते त्यानंतरच्या दहा महिन्यांवर, आणि त्यातही एका वळणावर.

१८५८च्या ऑक्टोबरअखेर तात्या आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरले. मुंबई सरकारची झोप उडाली. पेशव्यांच्या नावाने दख्खन उठेल ही भीती इंग्रजांच्या कागदोपत्री स्पष्ट दिसते. मुलताई, बैतूल असे करत ते सातपुड्याच्या कडेने आले. नागपूरकडची वाट बंद झाली, खानदेशात उतरणाऱ्या घाटांवर पहारे बसले. तिथून ते पश्चिमेला वळले आणि नोव्हेंबरमध्ये निमाडात त्यांनी मुंबई-आग्रा रस्ता ओलांडला. हाच रस्ता पुढे सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव, ओझर करत नाशिकला येतो. आपल्याकडे अजून त्याला आग्रा रोडच म्हणतात. चांदवडाहून मनमाडमार्गे येवले जवळच. बाजीरावांवर घातलेली बंदी, त्यांच्याबरोबर गेलेल्या घरांची चाळीस वर्षे, हे सगळे एका रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे येऊन उभे राहिले होते. तात्यांनी रस्त्यावरच्या मालाच्या गाड्या लुटल्या आणि ते पुन्हा नर्मदापार होऊन छोटा उदेपूरकडे गेले. ते दक्षिणेला का वळले नाहीत याची लष्करी कारणे सरळ आहेत: मागे पाठलाग, पुढे पहारे, जवळ तोफा नाहीत. त्यात भावनेचा प्रश्न घुसडण्याची गरज नाही. तरी येवल्याचे कुटुंब येवल्याच्या सर्वांत जवळ पुन्हा आले ते त्या आठवड्यात, एवढी नोंद या पुस्तकात हवीच होती.

बरे, तात्या आलेही असते तर इथे काय सापडले असते? नाशिक-नगरचा मुलूख शांत नव्हताच. नगरच्या पोलिसात नोकरी केलेले आणि नंतर तुरुंगवास भोगलेले भागोजी नाईक १८५७च्या पावसाळ्याअखेर सिन्नर भागात भिल्लांना घेऊन उठले. ४ ऑक्टोबरला नांदूर-शिंगोट्याजवळ पोलिस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला. डिसेंबरात पेठ-हरसूल पेटले आणि पेठच्या भगवंतरावांना फाशी झाली. भागोजी तात्यांच्या फाशीनंतरही सात महिने लढत होते. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या मिठसागऱ्याजवळ फ्रँक सूटरच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत ते पडले. हाच सूटर पुढे मुंबईचा पोलिस कमिशनर झाला. सायखेड्याहून मिठसागरे दूर नाही. पण तात्यांची वंशावळ निदान वादाचा तरी विषय आहे. भागोजींच्या घराण्याची वंशावळ मांडायला कोणी बसलेच नाही. ते घर कुठे गेले, मुले कोणत्या पाड्यावर वाढली, हे विचारणारा कोणी इतिहासकार निघाला नाही. घराण्याचा इतिहास हा प्रकार आपल्याकडे कागद असणाऱ्यांचा राहिला, हे इथे कबूल केले पाहिजे.

कागद कोणाकडे राहिले ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. सायखेड्याच्या शेजारचे चांदोरी हे हिंगण्यांचे गाव. नाशिकचे क्षेत्रोपाध्ये असलेले महादेवभट हिंगणे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले आणि पेशव्यांचे वकील म्हणून तिथेच राहिले. त्यांच्या घरातली पत्रे ‘हिंगणे दप्तर’ म्हणून भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली. त्या पत्रांमुळे अठराव्या शतकातली दिल्ली आपल्याला चांदोरीच्या वाटेने कळते. निफाडच्या पूर्वेला विंचूर. पानिपतातून परतलेले विठ्ठल शिवदेव विंचूरकर तिथले मूळ पुरुष, आणि खुद्द येवले शहर पेशव्यांनी त्यांच्याच घराण्याला दिलेले होते. १८१८ नंतर विंचूरकर इथेच राहिले, इंग्रजांचे पहिल्या दर्जाचे सरदार झाले, जहागीर टिकली, कागद टिकले. पुण्यातल्या त्यांच्या वाड्यात पुढे टिळक राहायला होते. म्हणजे एकाच मुलखातली, एकाच पेशव्याची चाकरी केलेली दोन घरे. जे राहिले त्यांच्याकडे सनदा आणि दप्तर, जे धन्याबरोबर गेले त्यांच्याकडे राखही नाही. कारण जुलै १८५७मध्ये हॅवलॉकच्या फौजेने बिठूर जाळले आणि उरलेसुरले डिसेंबरात दुसऱ्या फौजेने उद्ध्वस्त केले.

असाच अभ्यास अमेरिकेत कसा होतो ते थोडे सांगतो. पुढच्याच दशकात तिथे यादवी युद्ध झाले. उत्तरेकडून लढलेल्या शिपायाची हजेरीपटावर नोंद आहे. १८६२च्या कायद्याने पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत, आणि १८७२च्या कायद्याने माजी शिपायाला लष्करात काढलेली वर्षे त्या पाच वर्षांत धरून मिळू लागली. शिपाई मेल्यावर विधवेने पेन्शन मागितली की लग्न केव्हा झाले, मुले किती, जुने शेजारी कोण, याचे शपथेवर जबाब घेतले जात. त्यामुळे कॅन्सस-नेब्रास्कातल्या सामान्य शेतकऱ्याच्या पणतूला आज पणजोबाच्या गुडघ्याला कुठे गोळी लागली तेही सापडते. आपल्याला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. पण ती जिंकलेल्या बाजूची सोय होती. दक्षिणेकडून लढलेल्यांना केंद्र सरकारची पेन्शन नव्हती, आणि ते १६० एकर मूळ रहिवाशांच्या पायाखालून काढले गेले होते. आपल्या टोप्यांची आणि भागोजी नाइकांची जागा त्या देशातही फार वेगळी झाली नसती.

तात्यांच्या फाशीनंतर कुटुंबाचे काय? शेवटी त्यांनी स्वतःसाठी दया मागितली नाही. माझ्या करणीसाठी माझ्या माणसांना त्रास होऊ नये, अशा अर्थाचे मागणे मात्र मागितल्याचे नोंदलेले आहे. टोपे घराणे पुढे उत्तरेत आणि गुजरातेकडे पांगले, काही शाखा बिठूरलाच राहिल्या, काही देशाबाहेर गेल्या. घराण्यातल्याच पराग टोपे यांनी २०१० साली ‘ऑपरेशन रेड लोटस’ हे पुस्तक काढले. त्यात बंडाआधी गावोगाव फिरलेल्या चपात्या आणि कमळे यांचा अर्थ फौजेच्या रसदीच्या हिशेबातून लावला आहे. शिवपुरीत फाशी गेलेला माणूस तात्या नव्हताच, ते लढाईत पडले किंवा साधू होऊन राहिले, असेही घराण्यात आणि बाहेर मानणारे आहेत. माझे मत सांगायचे तर शिवपुरीचा जबाब आणि खटला बाजूला सारण्याइतका पुरावा पुढे आलेला नाही. मात्र हरलेल्या घराला आपला माणूस दोरावर लटकलेला पाहवत नाही, आणि अशा आख्यायिका तिथूनच उगवतात; त्यांची टिंगल करण्याचे कारण नाही. इतिहास म्हणून त्या मागे ठेवाव्यात, घराची आठवण म्हणून जपाव्यात.

मग अशा घराण्याचा इतिहास लिहायचा कशावरून? चार वाटा आहेत. पहिली इनाम कमिशनची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इनामदारांना आपला हक्क सिद्ध करायला लावला गेला. त्या चौकशीत वंशावळी, सनदांच्या नकला, साक्षी असे प्रचंड लिखाण जमले, ते पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. ज्या कमिशनने लोकांची इनामे खाल्ली त्यानेच त्यांच्या आज्यापणज्यांची नावे जतन केली. दुसरी वाट नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींची. श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला, सिंहस्थाला आलेला यजमान उपाध्यायांच्या वहीत आपले गाव, बाप, आजा, भाऊ, मुले लिहवून जातो आणि जुनी पाने दाखवून घेतो. रामकुंडावर येणाऱ्या गुजराती, मारवाडी, वऱ्हाडी कुटुंबांनाही ही वही ठाऊक असते. तिसरी वाट प्रवासवर्णनांची. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केला. त्यात लढायांइतकीच किंमत आहे ती परमुलखात भेटलेल्या मराठी घरांच्या वर्णनांना. चौथी वाट इंग्रजांच्या फायलींची. ती वाचताना ‘जोला’सारख्या शब्दांशी झुंजायची तयारी ठेवावी.

या चारही वाटांवर एक खड्डा सारखाच लागतो. वंशावळीत लेकी नसतात. बापापासून मुलाकडे रेघ जाते. सासरी गेलेली मुलगी कागदावरून पुसली जाते आणि आलेली सून बहुधा ‘कुटुंब’ या एका शब्दात बसते. रखमाबाईंचे नाव तरी राहिले. बिठूरला चार वर्षांच्या मुलाला घेऊन जाताना वाटेत संसार कोणी सांभाळला, येवल्याचा परगणा त्याला कोणी पाठ करून दिला, याचे उत्तर पुरुषांच्या रेघांत मिळणार नाही. पुढच्या अभ्यासकांनी माहेरच्या घरांचे कागदही उघडावेत.

येवल्याचे लोक पैठणीमुळे ओळखले जातात, बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३५च्या धर्मांतराच्या घोषणेमुळे ओळखले जातात, आणि तात्यांमुळेही. तीनही गोष्टी त्या गावाने मिरवाव्यात. वाचकाला माझे सांगणे वेगळे आहे. सायखेडा-चांदोरीला गोदावरीचा पूर नवा नाही. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी घरांत शिरले तेव्हा धान्य, भांडी, कांदा याचे पंचनामे झाले. माळ्यावरून भिजून लगदा झालेल्या जुन्या कागदांचा पंचनामा कोणी केला नाही, कारण ते मोडीत होते आणि घरात कोणाला वाचता येत नव्हते. आपल्या घरी अशा कागदांचे रुमाल असतील तर ते रद्दीत घालू नका, पूजेतही ठेवू नका. मोडी वाचणारी माणसे नाशिकला आहेत, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत. त्यांच्याकडून वाचून घ्या, मोबाइलवर एकेका पानाचा नीट फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला तिच्या माहेरची नावे विचारून त्याच दिवशी लिहून काढा. पुढच्या पावसाळ्याआधी हे व्हावे.

सायखेडा